मनमाडनंतरचं आपलं मौन

(हुडकेश्वर, नागपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वकील नाही. मानवी तस्करीवर बोला म्हणाले तेव्हा मला आधी मनमाड आठवलं. तुमच्यापैकी अनेकांनाही तेच आठवलं असेल.

30 मे 2023. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली 59 मुलं दानापूर-पुणे एक्सप्रेसने पुणे आणि सांगलीच्या मदरशांत शिकायला निघाली होती. रेल्वे सुरक्षा बलाने एका संस्थेला सोबत घेऊन त्यांना भुसावळ आणि मनमाडला उतरवलं. सोबतच्या पाच जणांवर कलम 370 लागलं, म्हणजे तस्करीचा गुन्हा. पोलीस कोठडी आणि जेल मिळून त्यांचे चार आठवडे गेले. मुलं बारा दिवस घरच्यांपासून दूर, बालगृहांत. मार्च 2024 मध्ये पोलिसांनीच सांगितलं की गुन्हा गैरसमजातून नोंदवला गेला, आणि केस बंद झाली. अटकेची बातमी जेवढी गाजली, तेवढी ही गाजली नाही.

राग यायलाच हवा. पण त्या रागाचं मी काय केलं, ते सांगतो.

त्याच वर्षी एका पहाटे ओळखीच्या बेकरीत पाव आणायला गेलो. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा भट्टीजवळ ट्रे उचलत होता. हातावर भाजल्याचे डाग. मालक म्हणाला, "गावाकडचा आहे, बापानेच पाठवला, काम शिकतोय." माझ्या खिशात फोन होता, 1098 नंबर पाठ होता. लावला नाही. मनात एकच, पुन्हा आपल्याच लोकांची नावं पेपरात येतील. महिन्याने गेलो तर मुलगा नव्हता. कुठे गेला विचारलं, मालकाने विषय बदलला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आमच्या कामात सिस्टीम कधी कधी खोटा अलार्म देते. म्हणून आम्ही वायर तोडत नाही, तो का वाजला ते शोधतो.

मनमाडला तो का वाजला? मुलांना एका गावातून दुसऱ्या गावी नेणं ही तस्करी नाही. शोषणाचा हेतू लागतो. पूर्वी कलम 370 मध्ये हे होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये आहे. हेतू प्लॅटफॉर्मवर दिसत नाही. दिसतात ते कागद. म्हणून मुलं नेणाऱ्याकडे पालकांचं सहीचं संमतीपत्र, मुलांची यादी, ओळखपत्रं, शाळेचं किंवा मदरशाचं पत्र आणि उचलला जाईल असा फोन नंबर हवा. आणि गुन्हा नोंदवण्याआधी तो फोन लावणं हे पोलिसांचं काम. हे आपण त्यांच्याकडे हक्काने मागू.

आता बेकरी. "बापाने पाठवला" हे उत्तर कायद्यात चालत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात बापाने आगाऊ पैसे घेतले असतील आणि मुलगा ते फेडत असेल, तर ती वेठबिगारी. तिच्यावर 1976 च्या कायद्याने बंदी आहे. गरिबी मला कळते हो. पण उचल घेणारा बाप गरीब असतो, उचल देणारा नसतो.

1098 लावला म्हणजे मुलाला जेल होत नाही. त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, ती ठरवते घरी की बालगृहात. आपलं नाव सांगायची सक्ती नाही. नागपूर पोलिसांच्या गुन्हे शाखेत तस्करीविरोधी वेगळा कक्ष आहे. राज्यभर 'ऑपरेशन मुस्कान' होतं, त्यात हरवलेली मुलं शोधतात. पण पहाटे पाच वाजता बेकरीत ते नसतात. आपण असतो.

हुडकेश्वर, मानेवाडा, दिघोरी. या भागातल्या बेकऱ्या, गॅरेज, हॉटेलं आपल्याला पोलिसांपेक्षा जास्त माहीत आहेत. मालक कोणत्याही जमातीचा असो, यादी एकच करू. सुरुवात मी त्या बेकरीपासून करणार आहे. मुलगा कुठे गेला, हे या वेळी उत्तर मिळेपर्यंत विचारायचंय. रविवारी फजरनंतर निघतोय, दोघं-तिघं सोबत आलात तर बरं होईल.