कावळा शिवला, पुढे?



कुकडीच्या काय किंवा घोडनदीच्या काय, काठावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना झाला, की मृताची इच्छा राहिली म्हणतात. मग एखादा भाऊबंद हात जोडून बोलतो, "पोराबाळांना अंतर देणार नाही." कावळा शिवतो, मंडळी उठतात.

गेलेले माणूस कावळ्याच्या रूपाने बोलते, की कावळा भुकेने येतो, हा वाद मी घालत नाही. शब्द मात्र चारचौघांदेखत दिलेला असतो. आणि वर्ष सरत नाही तोच त्या विधवेला घरात परकी करतात! मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत तिचा वाटा मुलाइतकाच आहे. आपण तिच्यासोबत तलाठ्याकडे जाऊ, सातबाऱ्यावर तिचे नाव लावून घेऊ. मृताची इच्छा पुरी करायची ती अशी.