प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर

मोहोळच्या माळावरून अनवाणी चालणाऱ्याला सराट्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं. पायांत रुतलेला कांटा उपटतांना माणूस चरफडतो. परंतु तें कांटेरी फळ वाटसरूच्या वहाणेला व जनावरांच्या खुरांना चिकटून आपलें बीं दूर नेत असतें. रुईचें बीं म्हातारी होऊन वाऱ्यावर तरंगतें; बाभळीचें बीं शेळ्यांच्या पोटांतून प्रवास करतें. कोरड्या मुलखांतील वनस्पती कोणत्या साधनांनीं पसरतात आणि मूळच्या कोठल्या, या प्रश्नाचा ऊहापोह आघारकरांनीं १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन निबंधांत केला. त्यांचें क्षेत्र वायव्य हिंदुस्थानचें होतें. पण प्रश्न या माळालाहि लागू आहे.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजीं मालवण येथें झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते तेथेंच अध्यापक झाले. सह्याद्रींत हिंडतांना कृष्णेच्या उपनद्यांच्या पाण्यांत त्यांना छत्रीच्या आकाराचा एक चिमुकला, पारदर्शक प्राणी आढळला. जेलीफिश समुद्रांत असावयाची. गोड्या पाण्यांतील ही प्रजाति तोंवर आफ्रिकेंतच ठाऊक होती. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे डॉ. अ‍ॅनन्डेल यांनीं तिचें नांव लिम्नोक्नाइडा इंडिका असें ठेविलें. वनस्पतिशास्त्रज्ञाची पहिली कीर्ति एका प्राण्यानें करून दिली, ही मौज खरीच!

१९१४ सालीं कलकत्ता विद्यापीठानें रासबिहारी घोष अध्यासनावर त्यांची नेमणूक केली. अधिक अध्ययनासाठीं ते जर्मनीस गेले, तोंच महायुद्ध पेटलें. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रूच्या मुलखांत स्थानबद्ध झाले. ऐन तिशींतील उमेदीचा काळ असा अडकून पडला. तरी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावांचून ते परतले नाहींत. नेमणुकीपासून कलकत्त्याच्या वर्गांत उभें राहीपर्यंत सहा वर्षें उलटलीं होतीं. पुढें पाव शतक त्यांनीं तेथें अध्यापन केलें. नेपाळांतहि वनस्पती गोळा करण्यासाठीं ते जाऊन आले.

निवृत्तीनंतर विश्रांति घ्यावी, तर १९४६ सालीं त्यांनीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचें संचालकपद पत्करलें. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं कलकत्त्यास काढलेल्या संस्थेच्या धर्तीवरची ही संस्था. साठी उलटलेला प्राध्यापक, संस्थेला स्वतःची इमारत नाहीं, आणि मूलभूत संशोधनासाठीं पैसा मागावयाचा! लग्नमुंजींत हात सैल सोडणाऱ्या समाजाकडे असली याचना करणें सोपें नव्हे. २ सप्टेंबर १९६० रोजीं निधन होईपर्यंत आघारकरांनीं तें काम सोडलें नाहीं.

१९९२ सालीं संस्थेला त्यांचें नांव देण्यांत आलें. तिनें काढलेल्या गव्हाच्या व सोयाबीनच्या वाणांना मात्र अजून जुन्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें, ‘एमएसीएस’, हींच लागतात.