दहा मिनिटांची ओळख

(मंडळातर्फे बेलव्ह्यू इथे झालेल्या व्यवसाय मार्गदर्शन मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'तंत्रज्ञान क्षेत्रातील अनुभवी व्यक्तिमत्त्व' असं छापलंय. ते वाचून आमच्या घरी बराच हशा झाला. मी डेटाबेस सांभाळते. म्हणजे लोकांची माहिती नीट ठेवते, हरवू देत नाही आणि कुणी मागितली की पटकन काढून देते. आजीच्या फडताळासारखंच काम! स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास यायला लागलाय, म्हणून लगेच विषयावर येते. संयोजकांनी मला 'व्यावसायिक ओळखी कशा वाढवाव्यात' यावर बोलायला सांगितलं आहे. मला त्यातली एकच वाट माहीत आहे, आपल्याला येतं ते दुसऱ्याला सांगण्याची. आणि तीही मी हौसेनं नाही, नाइलाजानं धरली.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये मी पुण्याहून बेलव्ह्यूला आले. नवऱ्याचा एच-वन, माझा एच-फोर. तिकडे सहा वर्षं नोकरी केलेली, इकडे काम करायला बंदी. इथल्या बऱ्याच जणींना हे दिवस माहीत आहेत. नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार, बाहेर रिपरिप, आणि डॉक्टरकडच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या चौकटीत काय लिहायचं हा रोजचा प्रश्न. क्रॉसरोड्स मॉलमध्ये ते जमिनीवरचं मोठं बुद्धिबळ आहे ना, ते बघत मी कितीतरी दुपारी काढल्या. आपण त्या पटाबाहेर काढून ठेवलेल्या सोंगटीसारख्या आहोत असं वाटायचं.

इथे एक कबुली द्यायची आहे. पुण्यातल्या नोकरीत माझी एक वही होती. कुठला सर्व्हर कधी अडतो, बॅकअप परत कसा चढवायचा, सगळं त्यात लिहिलेलं. ती मी कपाटात कुलूप लावून ठेवायचे. वाटायचं, हे फक्त मलाच येतंय तोवर माझी नोकरी पक्की. व्हिसा आला, पंधरा दिवसांत निघाले आणि वही सामानात तशीच इकडे आली. महिन्याभरानं माझ्या जागी आलेल्या मुलीचा रडवेल्या आवाजात फोन आला. बॅकअप चढत नव्हता. फोनवर पानं वाचून दाखवता दाखवता इथली पहाट झाली. दडवून ठेवलेल्या ज्ञानानं माझी नोकरी वाचली नव्हती, तिची मात्र धोक्यात आली होती.

त्या सुमारास रेडमंडला एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांची दर महिन्याला बैठक भरते असं कळलं. प्रवेश फुकट, वर पिझ्झा. आता २०२४ पासून बेलव्ह्यूहून रेडमंडकडे लाइट रेल धावते, तेव्हा मी बसनं जायचे. वर्षभर शेवटच्या रांगेत बसले. एक शब्द बोलले नाही. समोरचे लोक वीस वीस वर्षं मुरलेले, त्यांना आपण काय सांगणार?

मग आपल्याच मंडळानं मला अडचणीत टाकलं! सभासदांची यादी कॉम्प्युटरवर करायचं काम मी अंगावर घेतलं आणि हौसेनं सगळी नावं मराठीत भरायची ठरवली. सुमारे दीडशे कुटुंबं. चार रात्री जागून फॉर्ममधून नावं भरली, यादी उघडली, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! जोशी नाहीत, शिंदे नाहीत, कुणीच नाही.

कारण थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर अक्षर साठवतो म्हणजे त्याचा क्रमांक साठवतो. जुन्या पद्धतीत एका तक्त्यात २५६ घरं, आणि विंडोजच्या त्या जुन्या तक्त्यांपैकी एकातही देवनागरीला जागा नव्हती. ती मिळाली युनिकोडमध्ये, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. एसक्यूएल सर्व्हरमध्येही युनिकोडचा वेगळा रकाना होता, आणि तो मी बरोबर निवडला होता. पण आज्ञा लिहिताना अवतरणचिन्हातल्या नावाच्या आधी इंग्रजी 'एन' हे अक्षर लावावं लागतं, एन म्हणजे नॅशनल. ते मी लावलं नव्हतं. त्यामुळे नाव रकान्यात पोचण्याआधीच जुन्या तक्त्यातून जायचं, तिथे घर सापडायचं नाही आणि त्याचं प्रश्नचिन्ह व्हायचं. एकदा ते साठवलं गेलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. गेलं ते गेलं. दीडशे घरी पुन्हा फोन करून नावं विचारली. तेवढ्या निमित्तानं सगळ्या काकूंशी ओळख झाली, हा वरचा फायदा.

पुढच्या बैठकीत संयोजक म्हणाले, पुढच्या महिन्यात दहा मिनिटं मोकळी आहेत, कुणी बोलेल का? माझा हात कसा वर गेला ते आजही सांगता येत नाही. २००५ च्या फेब्रुवारीत मी त्या दहा मिनिटांत माझी ही फजिती जशीच्या तशी सांगितली. प्रश्नचिन्हांची यादी पडद्यावर लावली, लोक हसले. मग एक अक्षर घातलं आणि 'जोशी' उमटले. इंग्रजी सोडून कशाशीच काम न पडलेल्या त्या मुरलेल्या मंडळींपैकी निम्म्यांना हे ठाऊकच नव्हतं.

बैठक संपल्यावर एक इथिओपियन गृहस्थ थांबले. सिॲटल परिसरात त्यांचा समाज मोठा आहे. ते आपल्या लोकांच्या मदतकार्यासाठी अम्हारिक लिपीत नावांची नोंद करत होते आणि त्यांच्याकडेही प्रश्नचिन्हंच येत होती. त्यांच्या लिपीलाही जुन्या तक्त्यांत घर नव्हतं, युनिकोडमध्ये ती १९९९ साली आली. त्यांनी कागदावर तो 'एन' लिहून घेतला आणि महिन्याभरानं नीट छापलेली यादी मला दाखवायला घेऊन आले. मला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षात पहिल्यांदाच कुणी मला 'अमक्याची बायको' म्हणून नाही, माझ्या कामामुळे ओळखत होतं.

त्यानंतर मी दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही सांगू लागले. कपाटातली ती वही आता पानापानानं उघडत होती. २००७ च्या जुलैमध्ये ग्रीन कार्डाचे अर्ज एकदम खुले झाले, ती धावपळ तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यात आमचाही अर्ज गेला आणि मला कामाचा परवाना मिळाला. पहिल्या मुलाखतीत चार वर्षांची खंडित नोकरी बघून मला नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी समोर बसलेले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही प्रश्नचिन्हांवर बोलणाऱ्या ना?" पुढची मुलाखत सोपी गेली.

आमच्या क्षेत्राची रीतच अशी आहे. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची 'पास' ही संघटना १९९९ साली स्थापन झाली, तिचं वार्षिक अधिवेशन कितीतरी वेळा आपल्या सिॲटलला भरलं. जानेवारी २०२१ मध्ये ती बंद पडली. पण २००७ साली फ्लॉरिडातल्या ऑरलँडोमध्ये सुरू झालेले 'एसक्यूएल सॅटर्डे' आजही भरतात. शनिवारी सुट्टीच्या दिवशी लोक मानधन न घेता शिकवतात, बाकीचे शिकतात. मायक्रोसॉफ्ट १९९३ पासून 'एमव्हीपी' हा सन्मान देते, तो मिळतो दुसऱ्यांना ज्ञान देणाऱ्यांना, आणि कंपनीच्या स्वतःच्या नोकरांना तो मिळत नाही. समर्थांची ती प्रसिद्ध ओवी तुम्हां सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे, म्हणून मी म्हणत नाही. ही मंडळी ती न वाचताच पाळतात.

आता तरुण मंडळींसाठी चार गोष्टी.

पहिली, तज्ज्ञ होण्याची वाट बघू नका. कालच शिकलेल्या माणसाला आपण कुठे अडखळलो ते आठवत असतं. मुरलेला माणूस ते विसरून गेलेला असतो.

दुसरी, आपली चूक सांगा. मोठेपणा सांगणाऱ्यासाठी लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. चूक सांगणाऱ्याजवळ येऊन बोलतात.

तिसरी, आपलं तेवढंच द्या. कंपनीचा कोड, ग्राहकांची माहिती, रुग्णांची नावं ही आपली मालमत्ता नाही. ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव घ्या. आणि व्हिसावर असाल तर सेवाकार्यातही काय चालतं ते आधी वकिलाला विचारा. २०१५ पासून एच-फोरवरच्या काही जणींना कामाचा परवाना मिळतो, पण सगळ्यांना नाही.

चौथी, वेळेत सुरुवात करा. २०२३ च्या जानेवारीत एकट्या मायक्रोसॉफ्टनं १०,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आपल्या मंडळातल्या किती घरांत झोप उडाली होती ते तुम्हांला माहीत आहे. नोकरी गेली की एच-वनवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत अर्ज करता येतात, ओळख रुजत नाही. ती आधीच रुजलेली असावी लागते.

हे सगळं फुकट होत नाही, हेही सांगते. संध्याकाळी मी बैठकीला जायचे तेव्हा मुलांना वरणभात भरवायला नवरा असायचा. माझ्या स्लाइड्स कुणीतरी स्वतःच्या नावावर खपवल्याचंही पाहिलंय. आता कुणी म्हणेल, मशीनला विचारलं की उत्तर मिळतं, मग बैठकीला जायचं कशाला? उत्तर मिळतं, खरं आहे. पण यादी छापून आणून दाखवणारा माणूस मिळत नाही.

संयोजकांना एक सुचवते. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, नाटक-गाण्याच्या आधी, दहा मिनिटं राखून ठेवा. नव्यानं आलेली कुणी मुलगी शेवटच्या रांगेत बसलेली असेल, तिला माईक द्या. पहिल्यांदा ती नाही म्हणेल. मीही वर्षभर गप्पच होते. पुन्हा विचारा.

तुम्हां सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. चला, मसालेभात निवतोय.