किती वाजता दिसलं?

मालेगावकर आकाशमित्रांनो, आणि काल रात्री गच्चीवर जागलेल्या विद्यार्थ्यांनो,

अध्यक्षानं दुर्बिणींविषयी बोलावं अशी अपेक्षा असते. मला एका संध्याकाळविषयी बोलायचं आहे.

२ एप्रिल २०२२. सकाळी घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या होत्या आणि संध्याकाळी निम्मं गाव रमजानचा चंद्र पाहायला गच्चीवर होतं. पावणेआठच्या सुमारास पेटत्या ठिणग्यांची एक रांग आकाशातून सरकत गेली. उत्तर महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत लोकांनी ती पाहिली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. चिनी रॉकेटचे ते अवशेष होते, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे.

मीही गच्चीवर होतो आणि नुसता पाहतच राहिलो. मनगटावरच्या घड्याळाकडे नजर गेली ती सगळं विझल्यावर. दिशा विचाराल, तर ‘तिकडून तिकडे’ एवढंच सांगू शकतो. त्याची खंत अजून जात नाही.

कारण उल्का की रॉकेट, याची खरी खूण सेकंदांत होती. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगानं. बहुतेक उल्का ‘ती बघ’ म्हणेपर्यंत विझलेल्या असतात. कक्षेतून ढासळणारं रॉकेट सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं, जवळजवळ आडवं येतं, म्हणून तुकडे होत होत सावकाश आकाश ओलांडतं. मनात एक, दोन, तीन मोजले असते तरी पुरलं असतं. त्याच वेळी जळगावहून कुणी दिशा आणि उंची टिपली असती, तर दोन नोंदींवरून त्याचा मार्ग कागदावर काढता आला असता. हात ताणून मूठ डोळ्यांसमोर धरली की साधारण १० अंश होतात. क्षितिजापासून किती मुठी वर, किल्ल्याच्या बाजूला की मोसम नदीच्या, हे लिहायला पेन्सिलीचा तुकडा पुरतो.

या शहराला हे मी काय शिकवणार! इथं चंद्राची शहादत, म्हणजे साक्ष, घेतली जाते. ‘दिसला’ एवढ्यानं भागत नाही. कुठून, कधी, कुणी पाहिला, हे विचारलं जातं. हीच शिस्त मला प्रत्येक अनोळखी उजेडाला लावायची आहे.

नोंद नसली की काय होतं ते पाहा. जुलै १०५४मध्ये वृषभ राशीत एक तारा फुटला. चिनी ज्योतिष्यांनी त्याला ‘पाहुणा तारा’ म्हटलं; २३ दिवस तो भरदिवसा दिसला. आपल्याकडे पावसाळा होता हे खरं, पण रात्री तो ६५३ दिवस दिसत होता! सिन्नरच्या यादवांच्या डोक्यावरही तो होताच. जयंत नारळीकर आणि सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय ग्रंथांत त्याचा शोध घेतला. ठाम नोंद हाती लागली नाही. ग्रहणं ताम्रपटांवर कोरणारी आपली माणसं. हा तारा मात्र कुणी कोरला नाही.

आता कॅमेरे हे काम करतात, असं कुणी म्हणेल. करतात. कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांनी पालोमार वेधशाळेत उभी केलेली मोहीम दोन रात्रींत उत्तरेचं आकाश पिंजून काढते. पण मालेगावावरून काय जळत गेलं, ते कॅलिफोर्नियातल्या त्या कॅमेऱ्याला दिसणार नाही.

आणि नोंद करायला शास्त्रज्ञच हवा असंही नाही. उत्तर मुकुट या तारकासमूहातला एक मंद तारा १८६६ला भडकला, पुन्हा १९४६ला. त्या दुसऱ्या वेळी तो ओळखणाऱ्या पहिल्या माणसांत रशियातला कामेनचुक होता, रेल्वेच्या रुळांवर गस्त घालणारा. रात्री बाहेर असायचा आणि आकाश त्याला पाठ होतं. यंत्रमागावर रातपाळी करणारे किती तरी जण या गावात तसेच बाहेर असतात. चहाला बाहेर याल तेव्हा उन्हाळ्याच्या आकाशातली उत्तर मुकुटाची छोटी कमान ओळखून ठेवा. तिच्याशेजारी कधी नवा तारा दिसला, तर आधी घड्याळ पाहा, वेळ लिहा, आणि मग मला फोन करा. कितीही वाजलेले असोत.