सोयाबीनवर आपलं मत कुणी का विचारत नाही?



संयोजकांनी मला विषय दिला, ‘जगातल्या बातम्या आणि आपण’. मी पत्रकार नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, गाव वाशिम जिल्ह्यातलं. म्हणजे मत सगळ्यावर आहे, अधिकार कशावरच नाही.

आपल्या मुलांचे ग्रुप मी वाचतो. गाझा, इराण, अमेरिकेची निवडणूक. गाझावर बोलू नका असं मी म्हणणार नाही. तिथली लेकरं बघून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याशी मला बोलायचंही नाही. माझं दुखणं वेगळं आहे. टीव्हीवाले असोत की ऑफिसातले सहकारी, मुसलमान तरुणाला ठरावीक बातम्यांवरच मत विचारतात. हळूहळू आपणही तेवढ्याच बातम्या आपल्या मानायला लागलो.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. खरिपाचं मुख्य पीक सोयाबीन. ते विकलं की कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या बाजारात पैसा फिरतो. हमाल, टेम्पोवाला, शिलाईवाला, गॅरेजवाला, सगळ्यांचा धंदा त्यावर. यात आपली माणसं किती, तुम्हीच मोजा.

सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण १८ टक्के. बाकीची बहुतेक पेंड, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे भावाला दोन दोऱ्या बांधलेल्या आहेत आणि दोन्हींची टोकं दूर कुठेतरी आहेत.

तेलाची दोरी बघा. आपला देश गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल अडलं. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, ती २३ मेपर्यंत. मध्ये ३ मेला ईद. त्या ईदला कढई चढवताना अम्मीने जागतिक घडामोडींवर जे मत दिलं, ते इथे माइकवर सांगता येणार नाही.

दुसरी दोरी पेंडेची. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला ९ हजारांच्या पुढे गेलं. खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवीन माल यार्डात येईपर्यंत भाव पार उतरला होता. अलीकडे आणखी एक भानगड आहे. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मका आणि तांदळापासूनही बनतं. त्यातून उरलेला चोथा, त्याला डीडीजीएस म्हणतात, कोंबड्यांना स्वस्त खाद्य म्हणून जातो. तेवढी सोयापेंडेची मागणी घटते. म्हणजे तुम्ही बाइकमध्ये पेट्रोल भरता, त्याचा धागा कारंज्याच्या यार्डापर्यंत येतो.

मला ही सिस्टिम समजून घ्यायला मजा येते. माझ्या मामूंना येत नाही, त्यांची चार एकर जमीन आहे. २०२४ ला हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि दिवाळीच्या आसपास यार्डात माल चार-सव्वाचार हजाराने जात होता. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. नोव्हेंबरच्या मध्याला ती मर्यादा १५ केली. ज्याला पैशाची घाई होती, त्याने तोवर व्यापाऱ्याला माल देऊन टाकला होता.

त्याच सप्टेंबरमध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं होतं, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. मामू खूश, अम्मी नाराज. तेल महागलं, पण मामूंना हमीभावही मिळाला नाही. मे २०२५ च्या शेवटी शुल्क १० टक्क्यांवर आणलं, आता अम्मी खूश आणि मामू नाराज. सख्खे बहीण-भाऊ, एकाच दस्तरखानावर जेवतात. बरोबर कोण?

मला विचाराल तर दोघंही. शुल्क वर-खाली करून एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जातं, तेही पूर्ण पोचत नाही. खरेदी केंद्र माल निघायच्या आधी सुरू करा, वाळवायची सोय गावाजवळ करा, मग अम्मीच्या तेलाला हात न लावता मामूंना हमीभाव मिळू शकतो. त्याला सरकारी तिजोरीतून पैसा लागेल, हे मान्य. कुणाला पटत नसेल तर आकडे घेऊन भांडा, मला आवडेल.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. आपल्या मोहल्ल्यातली माणसं तिथे घरकुल नाहीतर कब्रस्तानाच्या कंपाउंडपुरती बोलतात. ते बोलाच. पण पुढच्या वेळी उभं राहून हेही विचारा, की खरेदी केंद्र किती तारखेला सुरू होणार, नोंदणी कुठे, ओलावा मोजताना शेतकऱ्याला आकडा दाखवणार का. शेजारी बसलेल्या पाटलांनाही नेमकं तेच विचारायचं असतं.

आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या घरी चिकनचं दुकान आहे त्यांनी आधी बोलावं. पेंडेच्या भावातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.