अडकित्ता, हळद आणि सावली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भोपाळ येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्हांला बोलावून चालकांनी आमचा जो बहुमान केला, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. "मुलांना शास्त्र कसे शिकवावे" हा विषय त्यांनीच सुचवला. शाळेत शास्त्र शिकवण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून तो आमच्या वाट्यास आला असावा. परंतु आरंभीच एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या नातीने विचारले, "आजोबा, सकाळी माझी सावली एवढी लांब असते, मग दुपारी ती कुठे जाते?" आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता उत्तरलो, "पुढच्या इयत्तेत येईल ते." ती निमूटपणे निघून गेली आणि तिने सावलीविषयी पुन्हा काही विचारले नाही. आयुष्यभर ज्याने शास्त्र शिकवले, त्याने आपल्याच घरातला एक प्रश्न असा विझवला!

पुढे तीच मुलगी इंग्रजीतून तरफेचे तीन प्रकार घडाघडा म्हणू लागली. आम्ही पानाच्या डब्यातला अडकित्ता तिच्यापुढे ठेवला आणि विचारले, "ही यांतली कोणती?" ती गोंधळली. शेजारी बसलेली तिची आजी म्हणाली, "अगं, सुपारी टोकाशी धरलीस तर फुटायची नाही. खिळ्याजवळ धर." आजीला 'तरफ' हा शब्द ठाऊक नव्हता, पण टेकूच्या जवळ भार आणला की जोर कमी लागतो हे तिच्या बोटांना ठाऊक होते. नातीला व्याख्या ठाऊक होती, वस्तू ठाऊक नव्हती. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे, ते एवढेच, की या दोघींची गाठ घालून देणे हेच शास्त्र शिकवणे होय. आणि परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी ही गाठ मराठीतूनच पडू शकते.

हा विचार आमच्या पदरचा नाही. तो येथून जवळच, नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून या गावाचे नाव नर्मदापुरम असे झाले आहे) प्रत्यक्ष करून पाहिला गेला. १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसुलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी तेथील १६ माध्यमिक शाळांत एक उपक्रम सुरू केला. मुलांनी शास्त्र पाठ करावयाचे नाही, करून पाहावयाचे, हे त्याचे सूत्र. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने तो पुढे चालवला. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकांत उत्तरे नसत, प्रश्न असत. उत्तरे मुलांनी प्रयोगांतून काढावयाची. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्यास मुभा असे. मुलांनी शंका लिहून पाठवाव्यात म्हणून 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते आणि खेड्यापाड्यांतली मुले त्याला पत्रे लिहीत. आमच्या नातीला असा एखादा सवालीराम भेटला असता, तर तिचा प्रश्न विझला नसता!

१९७८ सालीच पुण्याच्या एका मोटार कारखान्यातले अभियंते श्री. अरविंद गुप्ता रजा घेऊन या उपक्रमात आले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्या भांडवलावर त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि घन आकृत्या मुलांच्या हाती दिल्या. आगकाड्यांचा चौकोन दाबला की कलतो आणि त्रिकोण मात्र हलत नाही. पुलाच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला तेथेच उमगते. पुढे पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांची पुस्तके आणि लघुपट मराठीतही उपलब्ध आहेत. आपल्या घरांसाठी याहून सोपे साधन आम्हांस माहीत नाही.

होशंगाबादचा उपक्रम शासनाने २००२ साली थांबवला. तोवर तो अनेक जिल्ह्यांत पोहोचला होता. त्याच्या गुणदोषांची चर्चा जाणकार करोत. आम्ही त्यापासून एक धडा घेतला. शाळेत येणारी गोष्ट शाळेतून जाऊही शकते. घरात रुजलेली गोष्ट सहसा जात नाही.

आता घरात काय आहे ते पाहू. कात्रीत टेकू मधोमध, अडकित्त्यात टेकू एका टोकास आणि भार मध्ये, चिमट्यात टेकू एका टोकास, भार दुसऱ्या टोकास आणि जोर मध्ये. तरफेचे तिन्ही प्रकार स्वयंपाकघरातच आहेत. मुलाला नावे नंतर सांगावीत. आधी जोर कुठे लागतो आणि भार कुठे बसतो, हे त्याच्या बोटाने दाखवून घ्यावे.

दुसरी वस्तू हळद. आपल्या मंडळात दर संक्रांतीस हळदीकुंकू होते. चिमूटभर हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावावी आणि पट्ट्या वाळवाव्यात. त्यांवर चुन्याची निवळी पडताच पिवळा रंग लाल होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. साबणाचे पाणी, ताक, चिंचेचे पाणी, खाण्याचा सोडा असे एकेक करून मुलांनीच तपासावे आणि तक्ता मांडावा. नंतर जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून तेच पदार्थ पुन्हा लावावेत. हळदीला आंबट पदार्थ ओळखता येत नाही, जास्वंदीला येतो. लिंबाने तिचा कागद गुलाबी होतो, सोड्याने हिरवट. "मग हळदीला का नाही येत?" असा प्रश्न मुलाने केला, तर आपला तास सफल झाला असे समजावे. उत्तर येत नसल्यास "आपण शोधू" असे म्हणावे. त्यात वडीलधाऱ्यांचा मान तिळभरही कमी होत नाही.

तिसरी वस्तू सावली. गावापासून दूर राहण्याचे दुःख आपण नेहमी बोलून दाखवतो. परंतु या प्रयोगात ते अंतरच आपले साधन आहे. २१ मार्चच्या सुमारास भोपाळात मुलाने सपाट जागी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. त्याच दिवशी पुण्यात मामाने किंवा आत्याने तेच करावे. घड्याळाचे बारा पाहू नयेत. सावली सर्वांत आखूड होईल तो त्या गावाचा मध्यान्ह. पुण्यास तो आपल्यानंतर सुमारे १४ मिनिटांनी येतो. भोपाळची सावली सुमारे ४३ सेंटिमीटर भरेल, पुण्याची सुमारे साडेतेहतीस. काठी आणि सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापक लावला की भोपाळचा कोन सव्वातेवीस अंश आणि पुण्याचा साडेअठरा अंश येतो. सूर्य इतका दूर आहे, की दोन्ही गावी येणारे त्याचे किरण समांतरच मानावेत. तेव्हा हा पावणेपाच अंशांचा फरक पृथ्वीच्या गोलाईचा होय. नकाशावर दोन्ही गावांतले निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर मोजावे, रस्त्याचे नव्हे. ते सुमारे ५२५ किलोमीटर येते. पावणेपाच अंशांना ५२५, तर ३६० अंशांना किती? साध्या त्रैराशिकाने उत्तर ३९,८०० किलोमीटरांच्या जवळ येते, आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसने हीच युक्ती योजली होती.

भोपाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. म्हणून जूनच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा २८ जूनच्या आसपास येथे मध्यान्ही काठीची सावली नाहीशीच होते. पुण्यात हे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस घडते. दिल्लीकर नातेवाइकांना मात्र हा योग कधीच नाही! याचे कारण मुलांनीच शोधावे.

आमची चालकांना नम्र विनंती आहे, की मंडळाच्या ग्रंथालयात कपाटाचा एक खण या कामासाठी राखावा. त्यात भिंगे, चुंबक, तराजू, कोनमापक आणि कोऱ्या वह्या असाव्यात. शेजारी मुलांच्या प्रश्नांसाठी एक पेटी असावी. महिन्यातून एका रविवारी ती उघडावी आणि मंडळातील अभियंते, डॉक्टर व गृहिणी यांनी मुलांबरोबर बसावे. गणेशोत्सव आणि नाटक यांनी आपली मराठी पन्नास वर्षे जपली, हे खरेच. परंतु जी भाषा केवळ सणावारी बोलली जाते, ती हळूहळू सणापुरतीच उरते. मूल ज्या भाषेत "असे का?" म्हणून विचारते, ती भाषा त्याची होते.

गेल्या मार्चमध्ये आम्ही नातीची क्षमा मागितली आणि गच्चीवर काठी रोवली. आता ती मोठी झाली आहे. शास्त्रातले पुष्कळ तिला आमच्याहून अधिक कळते. तरीही ती उन्हात उभी राहिली, सावलीच्या टोकाशी खडूने खुणा करीत राहिली, आणि पुण्याच्या मामाशी मराठीत हुज्जत घालीत राहिली, की त्याची काठी तिरपी आहे. हुज्जत अर्धा तास चालली. अखेरीस काठी तिरपीच निघाली.

 मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या शुभेच्छा.