कर्ब मोजणारी ठिणगी

माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. तो बहुतेक ठिकाणी अजूनही वॉकली आणि ब्लॅक यांच्या 1934 सालच्या पद्धतीनं काढतात : पोटॅशियम डायक्रोमेट, तीव्र गंधकाम्ल आणि मग टायट्रेशन. त्यात कर्ब सरासरी तीन चतुर्थांशच जळतो, उरलेला हिशेबानं वाढवून धरतात. क्रोमियमचं विषारी सांडपाणी मागे राहतं ते वेगळंच.

अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2001 साली वेगळी वाट दाखवली. लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झोत मोहरीहून लहान ठिपक्यावर पडतो. तिथली माती वाफ होऊन दहा हजार अंशांच्या घरात तापते, ठिणगी उडते. त्या प्रकाशात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. कर्बाची एक 247.8 नॅनोमीटरवर, अतिनील भागात. ती जितकी प्रखर, तितका कर्ब जास्त. मंगळावरचं क्युरिऑसिटी यान 2012 पासून याच तंत्रानं सात मीटरवरच्या खडकांचाही वेध घेतं.

दख्खनच्या काळ्या जमिनीत मात्र लेझरचा आकडा जपून वाचावा लागेल. बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह भरपूर, आणि लोहाची एक रेषा कर्बाच्या रेषेला अगदी खेटून असते. यावर उपाय आहे, 193 नॅनोमीटरजवळची कर्बाची दुसरी रेषा वापरता येते. खरी पंचाईत चुनखडीची. लेझर कर्बाचे अणू मोजतो. ते शेणखतातले की चुनखडीतले, याचं त्याला सोयरसुतक नाही. म्हणजे चुनखडीच्या रानात मातीत असूनही लोह पिकाला न मिळाल्यानं पानं पिवळी पडलेली, आणि यंत्रावर कर्ब भरघोस! जुनं डायक्रोमेट चुनखडीच्या वाटेला जात नाही, हा त्याचा गुण मानायलाच हवा. लेझर वापरायचा तर चुनखडी आधी आम्लानं काढून टाकावी, नाहीतर वेगळी मोजून वजा करावी.

तरीही हे यंत्र मला हवंसं वाटतं, ते वेगासाठी. आज आपण रानात नागमोडी फिरून अनेक खड्ड्यांची माती एकत्र करतो आणि अर्धा किलो पाठवतो. बांधाजवळची आणि मधली माती यांतला फरक त्यातच बुडतो. लेझरनं खड्डा न् खड्डा वेगळा मोजणं परवडेल. पण कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाचा मोबदला मिळवण्यासाठी, कर्बाचे हेक्टरी टन सांगायचे, तर मातीची घनताही लागते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तेव्हा ठरावीक मापाचा नळा जमिनीत ठोकायचा, माती भट्टीत वाळवायची आणि तोलायची, हे काम आहेच.